डोळ्यांत बघून सांग

"डोळ्यांत बघून सांग."

पोरांचं भांडण शाळेच्या पायरीपर्यंत आलं की मावशी एकाची हनुवटी धरून तोंड वर करायच्या आणि एवढंच म्हणायच्या. नजर चुकली की पोरगं खोटं. तो निकाल मुख्याध्यापकही फिरवत नसत. पिंपळवंडीच्या आमच्या शाळेत त्या शिपाई होत्या, मी विज्ञान शिकवायचे. नव्वदनंतरची ती वर्षं. अशी एखादी मावशी तुमच्याही शाळेत असेल. हातात नुसती घंटा, पण शाळा तिच्याच तालावर चालते.

त्यांचं माहेर बोरीचं, मेंढरं राखणारं. डबा खाताना त्या लहानपणाचं सांगायच्या. घोड्यावर बांधलेलं बिऱ्हाड, त्यावर बसून निघालेल्या कोंबड्या. सांगताना भाकरी हातातच राहायची. भावाचं नाव मात्र कधी निघालं नाही. भाऊबीजेला माहेरी का जात नाही, असं मी एकदा विचारलं.

"हाय एक भाऊ," त्या म्हणाल्या. "दारूनं डोळं घालवलं त्यानं."

ऐन विशीत त्याची नजर गेली होती. हातभट्टीची प्यायला असणार, असं घरादारानं ठरवून टाकलं. आपण थेंबही घेतला नाही, असं तो सांगत राहिला. शेवटी थोरली बहीण म्हणून मावशींनीच त्याची हनुवटी धरली आणि डोळ्यांत बघून सांग म्हणाल्या. त्यानं मान तिरकी केली. तेवढं मावशींना पुरलं. त्यानंतर त्यांनी त्याला ओवाळलं नाही.

दोन हजार सालानंतर कधीतरी मावशींच्या एकुलत्या मुलाच्या डोळ्यासमोर मधोमध धूर दिसायला लागला. तो नारायणगावात गॅरेजमध्ये कामाला होता. दुखणं काही नाही. आधी एक डोळा, मग दुसरा. चष्म्याचा उपयोग झाला नाही, तेव्हा मी दोघांना पुण्याला घेऊन गेले. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती; मावशींना दुसरं कोण होतं?

डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि पुढच्या खेपेला समजावून सांगितलं. पेशींना शक्ती पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया असतात. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेला ती शक्ती फार लागते. इथे त्या मायटोकॉन्ड्रियातच दोष आहे, म्हणून नस सुकत चाललीय. यावर औषध नाही. आणि हा दोष आईकडूनच येतो, तिची स्वतःची नजर शाबूत असली तरी.

मी दरवर्षी फळ्यावर मायटोकॉन्ड्रिया काढायचे, लांबट, आत घड्या असलेले. पेशीचं वीजघर, असं पोरांकडून घोकून घ्यायचे.

मावशी आता कोसळतील असं वाटलं. पण त्या मुलाकडे बघत होत्या. आईकडे बघताना तो मान तिरकी करत होता. हा असा बाजूला का बघतो, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, त्याची मधली नजर गेलीय, कडेनं थोडं दिसतं. तुमचं तोंड दिसायचं तर त्याला बाजूलाच बघावं लागणार.

"मंजी माझा भाऊ मला बघत व्हता," मावशी म्हणाल्या.

येताना एसटीतून पिंपळवंडीला त्या उतरल्याच नाहीत. आळेफाट्याला जीप धरून आम्ही तिघं बोरीला गेलो. भाऊ गोठ्यापाशी दोर वळत बसला होता. मावशी त्याच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"तू पेला नव्हतास," त्या म्हणाल्या. "आयकडनं आलंय आपल्याला. मी तुझं मानलं न्हाई."

त्यानं हातातला दोर खाली ठेवला. मग त्यानं भाच्याला जवळ बोलावलं, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "ह्याला कुणी दारुड्या तर म्हणलं न्हाई ना, आक्के?"

दवाखान्यात न रडलेल्या मावशी तेव्हा रडल्या.

पुढे निवृत्त होऊन त्या मुलाला घेऊन बोरीलाच राहायला गेल्या. शाळेत नवा शिपाई आला, चांगला होता. तरी डब्याच्या सुट्टीत मला करमेना. एकदा न राहवून मी बोरीला गेले. संध्याकाळ होती. मेंढरांमागून तिघं नदीकडे चालली होती, मधे मावशी, दोघांचे हात त्यांच्या खांद्यांवर. त्या बोलत होत्या. डाव्या अंगाचा ऊस तुटला, पलीकडं कुणीतरी नवी विहीर काढलीय, पाण्यावर बगळं बसल्यात. मी हाक मारली नाही. ऐकत मागून चालत राहिले.

त्या गेल्याचं मला फार उशिरा कळलं. आता नदीवर काय काय आहे, हे त्या दोघांना कोण सांगत असेल?