उभ्या गाडीचं ऑइल

माझे सासरे सूर्यभान. मी त्यांना मामा म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलं. सोनईच्या आमच्या शिवारात नांगरट असो नाहीतर कारखान्याला ऊस न्यायचा असो, स्टेअरिंगवर मामाच. ट्रॅक्टरला तासांचं मीटर असतं. इंजिन जितके तास चाललं तितकंच ऑइल जुनं झालं, हा मामांचा हिशोब. तास भरले की ते स्वतः खाली बसून ऑइल बदलायचे आणि एक थेंब जमिनीवर पडू द्यायचे नाहीत.

माझ्या सासूबाई लंकाबाई, म्हणजे आमच्या आत्या, दर एकादशीला एसटीने नेवाशाला जायच्या. ज्या खांबाला टेकून माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्याला डोकं टेकवल्याशिवाय त्यांना फराळ गोड लागत नसे. पुढे गुडघे गेले, एसटीची पायरी चढवेना, आणि जाणं बंद झालं. एकादशी आली की त्या दिवसभर ओट्यावर बसून राहायच्या. ते बघूनच मामांनी नगरहून नवी कोरी कार आणली.

"आता तुला दारातनं उचलतो आन् थेट देवळाच्या दारात उतरवतो," मामा म्हणाले.

शोरूमच्या दारात चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. आत्यांनी बोटाने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि पुढच्या सीटवर बसल्या. सीटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच होतं.

"अहो, काढा की हा कागद. घाम येतोय, आन् आवाज बी करतोय."

"राहू दे. सीट मळंल."

"मळंना का! मी काय शेनाचे हात घेऊन बसले व्हय?"

आम्ही सगळे हसलो. प्लास्टिक मात्र राहिलं.

पुढच्या एकादशीला नेवाशाच्या रस्त्याचं काम निघालं होतं. मामा म्हणाले, "गाडी खालून घासंल. रस्ता होऊ दे." त्यानंतरच्या एकादशीला चिखल होता. मग एकदा पाहुणे आले, एकदा उसाला तोड आली. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये कापड पांघरून उभी. माझ्या मालकांनासुद्धा चावी मिळत नसे. आत्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, "ह्यांनी गाडी आनली का नवी नवरी आनली, काय कळंना बाई. सून तरी बाजाराला जाती. हिला उंबऱ्याभाईर काढीत न्हाईत."

मार्गशीर्षात एका सकाळी आत्या तुळशीला पाणी घालता घालता खाली बसल्या आणि उठल्याच नाहीत. मामा गाडीवरचं कापड ओढत होते, तेवढ्यात सगळं संपलं.

त्या दिवसानंतर मामांनी एक नेम धरला. रोज सकाळी अंघोळ झाली की शेडमध्ये जायचं, गाडी चालू करायची आणि बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभं राहायचं. मग बंद. गाडी पुसायचे, पण कुंकवाला फडकं लागू द्यायचे नाहीत. मी देवापुढे दिवा लावायचे तेव्हा तिकडून इंजिनाचा आवाज यायचा. मला वाटायचं, त्यांची पूजा चाललीय. मी कधी हाक मारली नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा भावकीतला गोरक्ष ट्रॅक्टर बघायला आला. तो मेकॅनिक आहे, मामांना तात्या म्हणतो. सहज म्हणून त्याने कारचं ऑइलचं झाकण उघडलं. झाकणाला आतून लोण्यासारखा पांढरट फेस लागलेला.

"तात्या, ऑइल कधी बदललं?"

"तास कुठं भरल्यात? गाडी भाईरच न्हाई काढली. नवं हाय ते."

"ही कार हाय, तात्या. पळाली न्हाई तरी वर्सातनं एकदा बदलावंच लागतं. आन् तुमी रोज उभ्या उभ्या चालू करता, त्यानं आनखी खराब झालं. इंजिन पुरतं तापतच न्हाई. आत पानी धरतं, ते ऑइलात मुरतं. चालू केली तर चांगली लांबवर न्यायची. न्हाईतर हात लावू नका."

"आरं, मी तर जपत हुतो."

"जपन्यानंच तर..." गोरक्ष बोलता बोलता माझ्याकडे बघून थांबला. मग म्हणाला, "आनू का ऑइल? अर्ध्या तासाचं काम हाय. असंच ठेवलं तर इंजिन जाईल."

"नको. ती बसली हुती तवाचं ऑइल हाय ते. जशी तिनं सोडली तशी राहू दे."

दुसऱ्या दिवसापासून शेडमधला आवाज बंद झाला. मामा अंघोळ करून ओट्यावर बसायचे. हात मांडीवर नुसते पडलेले. चहा गार व्हायचा.

वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले. दुसऱ्या सकाळी बघते तर मामा शेडमध्ये. गाडीची पुढची चाकं फळ्यांवर चढवलेली आणि स्वतः खाली आडवे. घमेल्यात काळं ऑइल पडत होतं. त्यांनी त्यात बोट बुडवलं, उजेडात धरलं.

"न चालता बी काळं झालं गं, सुरेखा."

नवं ऑइल ओतलं, हात धुतले आणि म्हणाले, "चल, नेवाशाला जाऊ."

"आज एकादशी न्हाई, मामा."

"एकादशीचीच वाट बघत बसलो ना."

मी मागे बसले. पुढे बसायला माझं मन धजेना. रस्ता केव्हाच झाला होता, इतका गुळगुळीत की पोटातलं पाणी हलत नव्हतं. रिकाम्या सीटवरचं प्लास्टिक तेवढं वाऱ्याने वाजत होतं.

देवळाशी जाता येईल तितकं जवळ जाऊन त्यांनी गाडी थांबवली. उतरले, पुढून वळसा घालून आले आणि डावीकडचं पुढचं दार उघडून उभे राहिले. मी मागे बसलेली, हे त्यांना ठाऊक होतं. थोडा वेळ तसेच दार धरून राहिले. मग वाकले आणि दोन्ही हातांनी ते प्लास्टिक टराटरा फाडून काढलं. सीटवरून हात फिरवला.

"बघ," म्हणाले, "एक डाग न्हाई."

आणि त्यांना रडू फुटलं. आत्या गेल्या त्या दिवशीसुद्धा मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

मी एकटीच आत गेले. खांबाला डोकं टेकवलं, एकदा माझं, एकदा आत्यांच्या नावाने. मागितलं काही नाही. बाहेर आले तेव्हा मामा त्याच सीटवर बसले होते. फाटलेलं प्लास्टिक मांडीवर, दोन्ही पाय दाराबाहेर टेकवलेले. गुडघे दुखणारं माणूस उतरायच्या आधी बसतं, तसे.