शर्यतीतला उसाचा ट्रक

भालकीला माझं नेट कॅफे होतं तेव्हा कारखान्यावर ऊस खाली करून एक ड्रायव्हर दुपारी यायचा. दिवसभर मालकाचा ट्रक हाकायचा आणि इथं येऊन पुन्हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. बसण्याआधी टेबलाभोवती एक चक्कर मारायचा, टायर बघितल्यासारखी. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा त्यानं पेन ड्राइव्हवर ट्रकचा मोड आणला, म्हणजे गेममध्ये नसलेली, कुणीतरी वेगळी बनवलेली गाडी. अशा बाहेरच्या गाड्या गेममध्ये बसवायला मोड मॅनेजर नावाचा प्रोग्रॅम लागतो. माझ्या मॅनेजरचं मात्र एकच रडगाणं: फोल्डरमध्ये मोड सापडला नाही. मी गेमचा पाथ बदलून पाहिला, मॅनेजर काढून पुन्हा टाकला, तो बनवणाऱ्याला मनसोक्त शिव्या घातल्या.

“ऱ्हाऊ द्या अण्णा,” तो म्हणाला.

“कामून ऱ्हाऊ द्या? आज बसवणारच!”

शेवटी मोडचं फोल्डर उघडलं, तर आत त्याच नावाचं आणखी एक फोल्डर. ट्रक त्या आतल्यात होता आणि मॅनेजर बाहेरच्यातच शोधत बसला होता.

“डब्यात डबा हाय की!” तो खदखदून हसला.

आतलं फोल्डर बाहेर काढलं आणि पडद्यावर उसानं भरलेला ट्रक दिमाखात उभा राहिला. कॅफेतली सगळी गिऱ्हाइकं उठून मागं जमली. शर्यत सुटली. बाकीच्या गाड्या सुसाट गेल्या. हा प्रत्येक वळणावर हॉर्न देत निवांत.

“दाबा की! हरायलाव तुमी!” मी ओरडलो.

“पळवायचा तो मालकाचा, अण्णा. ह्यो माझा हाय.”

ट्रक सगळ्यांत शेवटी पोचला. कॅफेत टाळ्या कडाडल्या. तो उठला आणि टेबलाभोवती पुन्हा एक चक्कर मारली, या वेळी सावकाश.