"मंग आमी कोन?" हा संवाद कुणाच्या नावावर टाकू?

मंडळी, दुपारपासून एका वाक्यापाशी अडकलेय.

मी ई-पुस्तकांसाठी नियम ठरवते. कवितेची ओळ कुठे तुटावी, नाटकात पात्राचं नाव आणि संवाद वेगळे कसे दाखवावेत, असलं काम. त्यातला एक नियम पक्का आहे, प्रत्येक संवादाला बोलणाऱ्याचं नाव हवंच. नाहीतर सिस्टिम फाइल घेत नाही.

आज कोपरखैरण्याच्या एका काकांचं जुनं नाटक घेतलं. ऐंशीच्या दशकात, शेतं जाऊन इथे नवं शहर उभं राहत होतं, तेव्हा त्यांनी ते गावातच केलेलं. त्यात साहेब म्हणतो, "ही जागा रिकामी आहे." पुढचा संवाद, "मंग आमी कोन?" आणि नावच नाही.

काकांना फोन केला. म्हणाले, "पयल्या प्रयोगाला एक म्हातारी मदीच उठून बोलली गो. मंग मी ते पुस्तकात घेतलं."

"मग 'प्रेक्षक' लिहू?"

"ती कुठली प्रेक्षक? तिची शेती गेलती."

"नाव काय त्यांचं?"

"तवा कोनी इचारलंच नाय गो बाय. आता सांगनारं पन कोन ऱ्हायलं नाय."

नियम बदलता येईल का, म्हणून वर विचारलं. उत्तर आलं, "एका वाक्यासाठी नाही जमणार."

शेवटी 'अज्ञात' लिहिलं. फाइल लगेच पास झाली. मला मात्र दुसरं काम सुचत नाहीये.

तुम्ही काय लिहिलं असतं?