मागच्या खोलीपर्यंतची वायर

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मलकापुरात जाऊन स्पीकरची वायर घेतली. त्याच्यानंतर जे झालं ते सगळं दुखण्याचं आणि माणसं जमवायचं.

पुण्यात राहणाऱ्या आमच्या पोरानं गाण्याची मशीन पाठवली होती, दोन स्पीकरची. निदान मला तसं सांगितलं होतं. डब्यात वायर निघाली ती मांजराच्या मिशीएवढी, आणि लांबी अशी की दोन्ही स्पीकर मशीनला चिकटूनच ठेवावे. मी चौथी शिकलेला माणूस, पण विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करण्यात जन्म गेला. तारेतलं मला कोणी शिकवू नये. म्हणून आम्ही एसटीनं निघालो. बायको एरवी बाजाराला यायची नाही. त्या दिवशी स्वतःहून लुगडं बदलून तयार झाली.

दुकानदारानं जाड, चमकणाऱ्या वायरचं बंडल पुढं केलं.

"प्युअर तांबं हाय काका. डोये झाकून न्या."

"डोये झाकून तं म्या लगीन केलं," मी म्हणालो. "वायर पाहूनच घेईन."

ती पदर तोंडाला लावून हसली. "अन् माह्या बापानं पाहून करून देलं असतं, तं तुमाले कोण देत होतं पोरगी?"

मी ब्लेड मागितलं, टोक सोललं आणि आतली एक बारीक तार खरवडली. आत पांढरं. अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचं पाणी. असली वायर दिसते भारी, पण तेवढ्याच जाडीच्या तांब्याची बरोबरी करत नाही आणि दोनदा वाकवली की तुटते. मी दुकानदाराला चार शब्द ऐकवले. त्यानं आतून लाल-काळ्या जोडीचं दुसरं बंडल आणलं. खरवडलं, आतपर्यंत तांबं.

"हे दे. आठ मीटर."

"पंचवीस घ्या," ती म्हणाली.

"कायले वं? बैठक केवढी आपली?"

"एक स्पीकर मागच्या खोलीत पाह्यजे."

"तिथं कोण आयकते? गव्हाच्या कोठ्या?"

"मी आयकीन. पडल्या पडल्या."

"पडल्या पडल्या! आता म्हातारपणी राणी व्हाचं हाय हिले."

दुकानदारही हसला. मी तिला समजावलं की वायर लांबली की जाडही घ्यावी लागते, नाहीतर आवाज वाटेतच दमतो. ती म्हणाली, "मंग जाड घ्या." एवढा हट्ट तिनं सोन्यासाठीही कधी धरला नव्हता. मी बडबड करत जाड वायर घेतली, आणि घरी आल्या आल्या चौकटीवरून, भिंतीच्या कडेनं क्लिपा ठोकत मागच्या खोलीत नेली. तिनं स्टूल धरलं. स्पीकर कुठं ठेवायचा तेही तिनंच दाखवलं, बाजेच्या उशाकडं.

पंधरा दिवसांत ती त्याच बाजेवर पडली. पुण्याहून आलेल्या पोरानं मला सांगितलं, कावीळ आहे. मी वरवट बकाल गावापर्यंत जाऊन झाडपाल्याचं औषध आणलं, रोज वाटून दिलं. ती तोंड वाकडं करून प्यायची अन् म्हणायची, "बरं वाटून राह्यलं." महिनाभरात गेली.

तेरवी झाली, पाहुणे गेले. दुपारी मी पोराला म्हणालो, "थे मशीन घेऊन जाय वापस. तूच देलं होतं."

"म्या नाई देलं बाबा. आईनं मांगवलं होतं. मागच्या खोलीत लावाचं म्हणे, तिथंच पडून राहीन, न्हाणी जवळ पडते, नंतर चालणं होणार नाई."

"नंतर म्हंजे?"

त्याचा चेहरा उतरला. मग सगळं बाहेर आलं. मशीन यायच्या आधी डोळे दाखवायला म्हणून ती त्याच्यासंगं अकोल्याला गेली होती, ते डोळ्यांसाठी नव्हतं. पोटात गाठ होती, पसरलेली. डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. म्हणजे दुकानात हसली तेव्हा तिला माहीत होतं. स्टूल धरलं तेव्हा माहीत होतं. माझा पाला प्यायली तेव्हा माहीत होतं, आणि हा पोरगा शेजारी उभा राहून पाहत होता.

"काऊन नाई सांगतलं बे मले?"

"आईनं शपथ घातली होती. म्हणे, तुह्या बापाले सांगशीन तं थे रडत बसतीन, अन् मरता मरता मले त्याइलेच सांभाळा लागीन."

त्याच्या थोबाडीत मारावी वाटलं. पण ते खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं. चाळीस वर्षं एका चुलीपुढं बसलो आणि ऐन वेळी तिनं मला कच्च्या काळजाचा ठरवलं. त्याच दिवसांत भाकरी जाड झाली म्हणून मी तिच्यावर ओरडलो होतो. माहीत असतं तर ओरडलो नसतो. शेवटी तरी नीट वागलो असतो. तेवढंही त्या दोघांनी माझ्याकडून काढून घेतलं. लोक म्हणतात, मायेनं लपवलं असेल. असेल. ती माया मला मागून कळली, तिचं मी काय करू?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोराची पुण्याची गाडी होती. तो पिशवी घेऊन पाया पडायला आला.

"अकोल्याचे कागद कुठी हायेत?"

"आता कायले बाबा?"

"आण."

ते त्याच्या पिशवीतच निघाले. सगळं इंग्रजी. मी त्याला ओसरीवर समोर बसवलं. "वाच. डॉक्टरनं तिले सांगतलं तसं सांग." तो वाचू लागला. मध्येच एक कागद त्यानं न वाचता उलटला.

"मले इंग्रजी येत नाई, पण डोये हायेत. थो राह्यला."

त्या कागदावर मराठीत फक्त तिची सही होती, ती मला वाचता आली. इलाज नको, असं तिनं लिहून दिल्याचं त्यानं सांगितलं.

"खाली कोणाची सही हाय?"

"माही," तो म्हणाला.

"मंग वाच."

त्यानं वाचलं. गाडीची वेळ झाली, त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटचा कागद संपेपर्यंत मी त्याला उठू दिलं नाही.