तीन मिनिटं मावशी आणि फाटकावरचं ॲप

मावशींना सगळी इमारत 'तीन मिनिटं मावशी' म्हणायची. पाठीमागे नाही, तोंडावरच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली होती, कानाला हेडफोन लावून आणि समोरच्या बोर्डात वायरी खुपसून. परगावचा कॉल जोडून द्यायचा आणि वेळ भरली की मध्येच म्हणायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" या एका वाक्यावर त्यांनी मुलाला शिकवलं, घर घेतलं आणि मानाने निवृत्तही झाल्या. अजूनही जिन्यात दोघीजणी बोलत उभ्या असल्या आणि मावशी शेजारून गेल्या, की त्या दोघी आपोआप आवरतं घेत.

आता वय बहात्तर. सकाळी पेपर आला की मावशी थेट तंत्रज्ञानाचं पान काढत. कुठल्या कंपनीतून किती लोकांची माहिती चोरीला गेली, कुठला टीव्ही घरातलं बोलणं ऐकतो, कुठलं घड्याळ झोपेची नोंद ठेवतं, हे सगळं लाल पेनने अधोरेखित करून त्या जेवणाच्या टेबलावर ठेवत, म्हणजे घास घेता घेता घरच्यांना धडकी भरावी. फोनच्या कॅमेऱ्यावर त्यांनी जखमेला लावतात ती पट्टी चिकटवली होती. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की फोन बिस्किटांच्या डब्यात जाई. कुठल्याही ॲपने जन्मतारीख विचारली की खोटी टाकायची, हा त्यांचा नेम होता. त्यामुळे वर्षातून नऊ वेळा त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा येत आणि प्रत्येक वेळी त्या म्हणत, "फसले."

सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या कंपनीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. मावशींना परदेशी खुनाच्या मालिका फार आवडत, पण आपल्याला काय आवडतं हे कंपनीला कळता कामा नये म्हणून त्या रोज दुपारी तासभर रिकाम्या खोलीत लहान मुलांची कार्टून लावून ठेवत. महिन्याभरात कंपनीने त्यांना एक नवं कार्टून सुचवलं. त्यात ससा खून करत होता. मावशींनी त्याचे पाच भाग बघितले.

घरात त्यांची खरी लढाई होती सुनेशी. सून घरूनच एका जाहिरात कंपनीचं काम करायची, आणि कोणाला कुठली जाहिरात दाखवायची हे ठरवणं हेच ते काम. मावशींच्या दृष्टीने शत्रू थेट माप ओलांडून आत आला होता.

"आई, कोणी माणूस बसलेला नसतो हो ऐकायला," सून एकदा समजुतीने म्हणाली. "ते सगळं मशीन करतं."

"मशीनच्या मागे एक बाई असते," मावशी म्हणाल्या. "मी होते."

"म्हणजे तुम्ही लोकांचं बोलणं ऐकायचात?"

"कॉल नीट लागला की नाही ते बघायला कान द्यावा लागायचा." मावशींनी चहाचा कप जरा फिरवला. "मग तो काढून घ्यायचा राहून जायचा."

हे बोलताना त्यांना अपराधी वगैरे वाटलं नाही. नोकरीला लागताना त्यांनी गुप्ततेच्या कागदावर सही केली होती आणि त्या सहीला जागल्याही होत्या. कोणाचं लग्न मोडतंय, कोण कोणाची रडत रडत माफी मागतंय, हे सगळं त्यांच्या पोटात होतं आणि तिथेच होतं.

मग फाटकावर ॲप आणायचं ठरलं. इमारतीत येणाऱ्या प्रत्येकाचा फोटो, फोन नंबर, कोणाकडे आला, किती वाजता गेला, सगळं पहारेकऱ्याने फोनवर टिपायचं आणि ते ज्याच्या त्याच्या मोबाइलवर दिसायचं. ही कल्पना होती इमारतीच्या अध्यक्षांची. त्यांचं कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले म्हणत. माणूस सरळ, फक्त स्वतःच्या लग्नाची गोष्ट सांगण्याचा भारी सोस. मुलीकडचे लोक कसे स्थळ घेऊन आले, आपण कसा पंधरा दिवस विचार केला आणि शेवटी त्यांचा फारच आग्रह पडला म्हणून कसा होकार दिला, ही गोष्ट इमारतीत नव्याने राहायला येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात ऐकावीच लागे. त्यांची बायको शेजारी बसून शांतपणे विणकाम करत असे.

रविवारी सकाळी खाली गाड्या लावायच्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. चष्मेवाल्यांनी ॲपचे फायदे सांगितले आणि शेवटी हात पसरून म्हणाले, "अहो, ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नाही, त्याला भीती कसली?"

मावशी उठल्या. पेपरातल्या कात्रणांची फाइल त्यांनी छातीशी धरली होती. माहिती एकदा बाहेर पडली की परत आत जात नाही, आज फाटकावर आहे ती उद्या कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, असं त्या चांगलं मुद्देसूद बोलल्या. लोक माना डोलवायला लागले. तिथेच त्या थांबल्या असत्या तर इमारतीचा इतिहास वेगळा झाला असता. पण माना डोललेल्या बघून माणसाला चढतं.

"आणि लपवण्यासारखं प्रत्येकाकडे असतं," मावशी म्हणाल्या. "अध्यक्षांकडेसुद्धा आहे. चाळीस वर्षांपूर्वी हे दर गुरुवारी दुपारी चार वाजता परगावी एका मुलीच्या घरी फोन लावायचे. ओळीने अकरा गुरुवार. मुलगी फोनवर यायची नाही. तिची आई सांगायची, बाहेर गेलीय. मग हे त्या आईशी हवापाण्याबद्दल बोलत बसायचे आणि मी तीन मिनिटं झाली म्हटलं की म्हणायचे, वाढवा. ही माहिती आज कोणी अशी चारचौघांत सांगितली, तर कसं वाटेल?"

हे सगळं त्यांनी उदाहरण म्हणून सांगितलं होतं. शेवटचा प्रश्न विचारून झाल्यावरच त्यांच्या लक्षात आलं की ती माहिती आज कोणीतरी चारचौघांत सांगितलेली आहे.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला आणि हातातच ठेवला. मागून कोणीतरी हळूच विचारलं, "ती मुलगी कोण मग?"

"मी," चष्मेवाल्यांची बायको म्हणाली.

तिने विणकाम गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि मावशींकडे वळली. आवाज चढलेला नव्हता. "मी घरातच असायचे. आईच्या शेजारी उभी. मला तेव्हा लग्नच करायचं नव्हतं. पुढे हे गोष्ट वेगळी सांगायला लागले, मी सांगू दिली. मला माहीत होतं, यांना माहीत होतं, बास. चाळीस वर्षं मी कोणापाशी बोलले नाही. आणि मला त्याचा पगार मिळत नव्हता."

ती नवऱ्याला घेऊन जिन्याकडे गेली. सभा तिथेच संपली.

पुढचा आठवडा मावशींना जड गेला. जी माणसं साध्या टॉर्चच्या ॲपलाही आपली सगळी नावं-नंबरांची यादी न वाचता देऊन टाकत, ती आता मावशी दिसल्या की लिफ्ट सोडून जिना चढायला लागली. तिसऱ्या मजल्यावरचे वकील सहज म्हणून येऊन गेले आणि निघताना म्हणाले, "मी काही तेव्हा फारसे फोन करायचो नाही." दुसऱ्या एका बाईंनी केक आणून दिला, कशाबद्दल ते सांगितलं नाही. सुनेने तेवढ्यापुरतं तोंड मिटून ठेवलं. मावशींना तेच जास्त लागलं.

पुढच्या रविवारी ॲपचा ठराव एकमताने मंजूर झाला. वकील म्हणाले ते सगळ्यांना पटलं होतं, "मशीन निदान सभेत उठून बोलत नाही."

मंगळवारी दुपारी मावशी चष्म्याच्या दुकानात गेल्या. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. चष्मेवाल्यांनी त्यांना तपासणीच्या खुर्चीवर बसवलं आणि भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मावशींनी दोन ओळी वाचल्या आणि तिसऱ्या ओळीवर म्हणाल्या, "चुकलं माझं."

"तो 'ब' आहे, 'व' नाही."

"अक्षराचं नाही म्हणत मी."

चष्मेवाल्यांनी भिंग बदललं. "वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. ही गोष्ट सांगता यायची नाही आता. इतकी बसली होती तोंडात." दुसरं भिंग उचलत ते म्हणाले, "बाराव्या गुरुवारी ती फोनवर आली. ते नाही सांगितलंत तुम्ही."

"नाही."

"त्या दिवशी तुम्ही मध्ये बोललाच नाहीत. मी घड्याळ लावून होतो. अकरा मिनिटं झाली होती आणि बिल आलं तीन मिनिटांचं."

"बोर्डावर गर्दी असेल," मावशी म्हणाल्या. "लक्ष राहिलं नसेल."

चष्मेवाल्यांनी मान हलवली आणि नंबर लिहून दिला. डाव्या डोळ्याचा पाव वाढला होता.

त्यांच्या बायकोचा राग मात्र असा निवळला नाही. चार महिने ती मावशींशी बोलली नाही. ॲप सुरू झालं, पहारेकरी येईल त्याचे फोटो काढायला लागला आणि बहुतेक फोटोंत त्याचाच अंगठा यायला लागला. एकदा दुपारी मावशींचा फोन वाजला. पलीकडून चष्मेवाल्यांची बायको म्हणाली, "ते सशाचं काय बघता म्हणे तुम्ही, त्याचा सहावा भाग लागत नाहीये माझ्याकडे."

मावशी फोन घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. पाऊण तासाने बाहेर आल्या तेव्हा सून कॉम्प्युटरवरून मान वर करून म्हणाली, "इतका वेळ काय बोलत होता आई?"

"काही नाही," मावशी म्हणाल्या. "हवापाणी."