डाव्या पायाचा रकाना

इंगोले सर गेल्याला आता महिना होईल. बातमी मला अकोल्याच्या मैदानावर कळली, तीही माईकवरून. खो-खोच्या निवड चाचण्या चालू होत्या. आमच्या निवड समितीच्या अध्यक्षांनी उजव्या हातातला समोसा डाव्या हातात घेतला आणि सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. चाळीस सेकंदांत स्तब्धता आटोपली. तेवढ्या वेळातही आम्ही क्रीडाशिक्षक मंडळी या पायावरून त्या पायावर भार टाकत होतो. सर असते तर त्यांनी आमच्या खाली घातलेल्या माना सोडून आमचे पायच पाहिले असते... लग्नातसुद्धा ते नवरदेवाच्या पायांकडे बघत.

अमरावतीच्या एकाच शाळेत आम्ही बावीस वर्षं खेळ शिकवला. म्हणजे शिकवला त्यांनी. मी संघ नेले, बॅनर लावले आणि फोटोत मधोमध उभा राहिलो. शाळेच्या हॉलच्या फरशीवर सरांनी पिवळ्या ऑइलपेंटनं तीन रेषा ओढल्या होत्या. एक पुढे जाणारी, दोन मागे तिरप्या फाकलेल्या. जिथे त्या मिळतात तिथे मुलीनं अनवाणी एका पायावर उभं राहायचं, हात कमरेवर ठेवायचे, आणि दुसरा पाय एकेका रेषेवर जमेल तितका लांब नेऊन तोल न जाऊ देता परत आणायचा. सर गुडघे टेकून शिंप्याच्या टेपनं माप घेत. ज्या पायावर मुलगी उभी, त्या पायाचं ते माप. मग पाय बदलायचा. दोन्ही पायांच्या मापांत दोन बोटांहून जास्त फरक निघाला की ते त्या मुलीला सामन्याऐवजी व्यायामाला लावत. "हे काही भविष्य नाई," ते म्हणत. "पाय सांगून राहिला, तेवढं आयकाचं."

आम्ही त्यांना 'टेलर मास्तर' म्हणायचो. आमच्यातल्या निम्म्यांना स्वतःच्या पोटामुळे स्वतःचे पाय दिसत नव्हते, पण दात काढायला आम्ही सगळ्यांत पुढे.

मग वरून कागद आला, की निवडीसाठी तोलाची चाचणी सक्तीची. समितीचा सचिव मी, म्हणून फॉर्म आखायचं काम माझ्याकडे. उडी असो की फेक, तीन प्रयत्नांतला सर्वोत्तम तेवढा लिहायचा, ही आम्हा लोकांची हाडीमाशी खिळलेली सवय. मी एकच रकाना आखला. दोन पायांपैकी चांगल्या पायाचा आकडा लिहा, दुसरा सोडून द्या. सर बैठकीत म्हणाले, "अरे बावा, चाचणी खराब पायासाठी हाय ना! चांगला पाय त चांगलाच हाय." हशा पिकला. मीही हसलो.

वैष्णवी तेव्हा दहावीत होती. अंजनगाव सुर्जीच्या माळ्याची पोर, शिकायला मावशीकडे अमरावतीत राहायची. तिच्या उजव्या पायाचा आकडा जिल्ह्यात पहिला होता, डावा तीन बोटं कमी. "महिनाभर थांबव तिले," सर मला म्हणाले. मी फॉर्म त्यांच्या नाकासमोर धरला. "सर, हे पाहा ना, पयला नंबर." अकोल्याच्या सामन्यात तिला खो मिळाला, ती उठली, डाव्या पायावर वळली आणि तो गुडघा फिरला. दवाखान्यात तिनं मला विचारलं, "माही चाचणी कोणं पास केली?"

मी म्हणालो, "इंगोले सरांनी."

हो, असा मी. त्यानंतर सहा वर्षं ती सरांशी बोलली नाही. ते समोरून आले की रस्ता ओलांडायची. एकदा मी सरांच्या घरी गेलो, तिला खरं सांगतो म्हणालो. त्यांनी अडवावं या आशेनंच गेलो होतो. त्यांनी अडवलंही. "तिचा व्यायाम तुह्याकडे चालू हाय. तुह्यावर राग धरला त येणं बंद करन. माह्यावर धरू दे." मी इतक्या लगबगीनं मान हलवली की आता आठवलं तरी स्वतःची किळस येते.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. पिवळ्या रेषांवर लाल गालिचा, गालिच्यावर अध्यक्षांची खुर्ची. तोलाच्या चाचणीला सरांचं नाव देणार, असं त्यांनी जाहीर केलं. फॉर्म तोच, रकाना एकच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या!

सरांच्या पत्नीनं, काकूंनी, त्यांचा टेप आणि वही माझ्या हातात ठेवली होती. वैष्णवी दाराशी उभी होती, सगळा भार उजव्या पायावर टाकून. मंडळी चहाला पांगल्यावर मी वही उघडून तिच्यापुढे धरली. तिच्या नावासमोर दोन रकाने होते. डाव्याखाली लाल रेघ, आणि सरांच्या अक्षरात: 'खेळवू नये. सांगितले आहे.'

"कोणाले सांगतलं होतं?"

"मले," मी म्हणालो.

मग तिनं खुर्ची सरकवली, गालिचा गुंडाळला, चपला काढल्या आणि रेषा मिळतात तिथे डाव्या पायावर उभी राहिली.

"घ्या माप."

बावीस वर्षांत मी त्या फरशीवर गुडघे टेकले नव्हते. टेकले. तिचा पाय थरथरत होता.

"सर इथं असेच बसत," ती म्हणाली. "अन् मी सहा वर्सं त्यायच्याकडे..."

मी आकडा वाचून दाखवला.

"लिहा," ती म्हणाली.

मी सरांच्या वहीत डाव्या पायाचं माप लिहिलं.