तिसऱ्या तोफेचा खड्डा

थान युचिनला तालुक्याच्या पर्यटन कचेरीत यायला बंदी होती. तशी लेखी काही नव्हती, पण दारावरचा शिपाई तिला लांबून पाहिलं की "साहेब मीटिंगमध्ये आहेत" म्हणायचा, आणि आतून साहेब सूर्यफुलाच्या बिया फोडत असल्याचा आवाज बाहेर यायचा. युचिन बाकावर ठाण मांडायची. साहेबांनाही कधीतरी लघवीला जावं लागतंच, एवढा हिशेब तिला पुरेसा होता.

भांडण होतं एका तोफेचं. चीन-रशिया सीमेवरच्या उसुरी नदीच्या अलीकडे, आमच्या यांगमूगोउ गावामागच्या टेकड्या जपान्यांनी आतून पोखरून ठेवल्या होत्या. पलीकडच्या रशियनांवर डागायला आत अजस्र तोफा बसवल्या होत्या. एकोणीसशे पंचेचाळीसच्या ऑगस्टमध्ये रशियन नदी ओलांडून आले आणि सगळं ताब्यात घेऊन चालते झाले. कचेरीच्या फलकावर लिहिलं होतं: जड तोफा दोन. युचिन म्हणायची तीन.

ती काही इतिहासाची प्राध्यापिका नव्हती. सरकारी फार्मावर तिनं तीस वर्षं शेतं मोजली, दोन पायांचं लाकडी माप गरगर फिरवत. निवृत्त झाल्यावर तेच माप घेऊन ती भुयारांत शिरली. सहा वर्षांत तिनं सगळी टेकडी वहीत उतरवली. गावाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. नवऱ्यालाही तसंच वाटायचं, पण तो टॉर्चचे सेल आणून द्यायचा.

मग बाजारात तामचिनीची घमेली विकायला येणाऱ्या गालिना नावाच्या रशियन बाईला तिनं पटवलं. दोन जाड कोटांच्या बदल्यात गालिनानं पलीकडून एक कागद आणला. जिंकलेल्या शस्त्रांची यादी. शाळेतल्या रशियनच्या मास्तरांनी ती वाचून दिली. जड तोफा: तीन. दोन दक्षिणेला, एक उत्तरेच्या घळीत.

"टायपिस्टची चूक," शाओ साहेब म्हणाले. युचिननं त्यांना व्हरांड्यातच गाठलं होतं. "थानबाई, उत्तरेच्या घळीत एक सिमेंटची भिंत आहे, बाकी राडारोडा. पाण्याची टाकी होती ती."

"टाकीला अडीच मीटर जाडीची भिंत? जपान्यांचं पाणी काय पळून जात होतं?"

"हे बघा, पुढच्या सोमवारी बुलडोझर येतोय. पर्यटकांच्या गाड्या उभ्या करायला सपाट जागा हवी. बर्फ पडायच्या आत काम उरकायचंय. पुरावा असेल तर आणा, नाहीतर मला जेवू द्या."

खरं सांगायचं तर तोफेशी युचिनला काडीचंही देणंघेणं नव्हतं. ती तीन वर्षांची असताना तिच्या बापाला जपान्यांनी दूरच्या शानतोंग प्रांतातून कामाला म्हणून धरून नेलं. एक पत्र आलं, त्यावर इथल्या स्टेशनचं नाव होतं. लढाई संपल्यावर आई तिला घेऊन शोधत शोधत इथवर आली. गावानं सांगितलं, तोफांचे पहिले दोन खड्डे खणणारे मजूर पुढे दुसरीकडे नेले. तिसरा खड्डा खणायला उत्तरेच्या घळीत गेलेले परत येताना कुणी पाहिले नाहीत. आई गाव सोडून गेलीच नाही. तिनं नवऱ्याचं दिवसपाणीही केलं नाही, कारण मेला असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. आता फलकावर तिसरा खड्डाच नसेल तर त्यातली माणसंही नाहीत, इतकी साधी गोष्ट होती. आणि सोमवारनंतर त्यांच्यावर गाड्या उभ्या राहणार होत्या.

घळीतल्या त्या भिंतीत एक चौकोनी खोबण होती, रिकामी. दक्षिणेच्या दोन्ही खड्ड्यांत तशीच खोबण होती आणि तिच्यात कोरीव दगड होता, तोफेचा क्रमांक आणि महिना लिहिलेला. म्हणजे तिसरा दगड कुणीतरी काढून नेला होता. तो कुठं असेल हे ओळखायला युचिनला सहा वर्षं लागली, याचा तिला पुढे फार राग आला. आमच्याकडे घडवलेला, गुळगुळीत, दोन हातांत जेमतेम मावणारा दगड कुणी कशाला पळवील? आंबट कोबीवर ठेवायला. दुसरं कारणच नाही. हिवाळा लागायच्या आत घरोघरी रांजणात मिठाच्या पाण्यात कोबी भरायचा आणि वर जड दगड ठेवायचा. चांगला दगड सासूकडून सुनेकडे जातो.

बुधवारी ती घराघरांत विचारत सुटली. संध्याकाळी ती निंगमावशीकडे पोचली. मावशी एकोणऐंशीची, घळीच्या तोंडाशी राहणारी. तिचा नवरा सेहेचाळीस साली भुयारांतून लाकूड, खिळे, हाती लागेल ते आणायचा.

"आहे की," मावशी म्हणाली. "त्या टाकीच्या भिंतीतलाच. अक्षरं खाली करून ठेवलाय. आमचे हे म्हणायचे, जपान्यांचं लिखाण जेवताना तोंडासमोर नको."

 युचिन रांजणाकडे धावली, आणि मावशीनं तिचा दंड पकडला.

"हात लावशील तर बघ! वीस दिवस झालेत फक्त. चाळीसच्या आत झाकण काढलं की विष होतं त्याचं. बाराजणांचा हिवाळा आहे त्यात."

"मावशी, मी माझा रांजण देते तुम्हाला."

"तुझा कोबी? मागच्या वर्षी खाल्लाय मी. नको बाई."

"सोमवारी बुलडोझर येतोय!"

"मग सांग त्याला वीस दिवसांनी ये."

युचिनचा तोल गेला. अठ्ठावन्न वर्षांची बाई पोरीसारखी ओरडली. "तुमचा कोबी राहील हो! माझा बाप त्या घळीत आहे, त्याच्या छातीवर परगावचे लोक गाड्या लावून फोटो काढतील, आणि तुम्ही मला दिवस मोजून दाखवताय!"

मावशीनं तिचा दंड सोडला. मग तिनं विचारलं, "कोणता गं तुझा?"

"माहीत नाही. तीन वर्षांची होते. चेहरा आठवत नाही."

"मी त्या मजुरांना तारेपलीकडे ज्वारीचे गोळे टाकायचे," मावशी म्हणाली. "एकानं वाकून नमस्कार केला मला. मी चोवीस वर्षांची, आणि तो माझ्या बापाच्या वयाचा. पहारेकऱ्यानं पाहिलं, तेव्हापासून मी गेले नाही. भ्याले." ती उठली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, झाकण काढलं आणि दगड उचलून जमिनीवर आपटला. सुनेनं आतून किंकाळी फोडली. "ओरडू नकोस," मावशी म्हणाली, "बटाटे खाऊन कुणी मेलं नाही."

सोमवारी शाओ साहेब आले तेव्हा बुलडोझरसमोर निम्मं गाव उभं होतं. सगळ्यांच्या अंगाला आंबट कोबीचा वास येत होता, कारण दगड आळीपाळीनं प्रत्येकानं उचलून पाहिला होता. युचिननं तो खोबणीत सरकवला. जाईना. एक बोट जाड होता. साहेबांच्या ड्रायव्हरला हसू फुटलं. युचिनची कानशिलं तापली. तिनं वही उघडली, आकडे बरोबर होते. मग मावशीनं पुढं होऊन लाकडी उलथन्यानं दगडाची कड खरवडली. बावन्न वर्षांचं मीठ पापुद्र्यांनी खाली पडलं. दगड आत गेला, अगदी टोकापर्यंत. साहेबांबरोबर आलेल्या प्रांताच्या तज्ज्ञानं चष्मा पुसून वाचलं: तिसरी तोफ, उत्तर.

शाओ साहेबांचा चेहरा असा उजळला की युचिनला आधी बरं वाटलं. "तीन तोफा! थानबाई, कमाल केलीत! दगड आजच काचेच्या कपाटात जाईल. फलक बदलू. खाली तुमचं नावही घालू." मग ते चालकाकडे वळले. "भिंत तेवढी सोड. बाकीचं सपाट कर."

"आणि माणसं?" युचिननं विचारलं.

"ते पुढच्या वर्षी बघू. त्याला निधी लागतो."

 युचिन बुलडोझरच्या पात्यापुढं गेली आणि गोठलेल्या मातीत मांडी घालून बसली. निंगमावशी खोबणीला पाठ लावून उभी राहिली. "न्या दगड," ती म्हणाली, "आधी मला उचला. तुमचे वडील मला वहिनी म्हणायचे, शाओ. गावासमोर उचला."

"मावशी, हा सरकारी पुरावा आहे."

"पाच दिवसांपूर्वीपर्यंत माझ्या कोबीवर होता तेव्हा सरकार कुठं होतं?"

तज्ज्ञ खाकरला. तिसरा खड्डा खरा ठरला तर न तपासता तो बुजवल्याचं आपण अहवालात लिहू, असं तो शांतपणे म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि चालकाला चहा प्यायला पाठवलं.

नऊ दिवस खणलं. वरची हातभर माती कुदळीनं फोडावी लागली. राडारोड्याखाली, भिंतीला लागून, एकोणीस माणसं सापडली. एकाही हाडाजवळ नाव नव्हतं. युचिन प्रत्येकाजवळ खाली उतरली. ती रडेल म्हणून बायका दोन दिवस तिच्या मागेपुढे होत्या. ती रडली नाही. प्रत्येकापाशी तिनं हलकेच "बाबा" म्हटलं. कोणता आपला ते कळणार नव्हतं, आणि एकालाही वगळायची तिची तयारी नव्हती.

दफन करण्याआधी कचेरीतून एक छापील अर्ज आला. नातेवाइकांचा दावा. शाओ साहेबांनी ह्या वेळी तिला आत बोलावलं, खुर्ची दिली, पेन दिलं. एकोणीस ओळी होत्या. युचिननं चष्मा लावला आणि खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिली.

साहेबांनी कागद ओढून घेतला. प्रत्येक ओळीत लिहिलं होतं: मुलगी, थान युचिन.

"थानबाई, एकच निवडा. एक बाई एकोणीस जणांची मुलगी कशी असेल?"

"मग तुम्ही लिहा," युचिन म्हणाली आणि पेन त्यांच्यासमोर ठेवलं. "अठरा ओळींवर काट मारा आणि पुढं तुमच्या हातानं लिहा, ह्याला कुणी नाही."

साहेबांनी पेन उचललं. ते तसंच परत खाली ठेवलं. मग त्यांनी ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि एकोणीस वेळा मारला.